आत्याबाई आणि तीन तारापुरं

आमच्या गाडीच्या मते आम्ही गेले चार महिने अरबी समुद्रात राहत होतो.

प्रत्यक्षात आम्ही पालघरलाच होतो. टेंभोड्याची सोसायटी, खाली दूधवाल्याची सायकल, कुंपणाला टेकलेला नारळ, सगळं जागच्या जागी. पण गाडी लावून किल्ली काढण्याआधी डॅशबोर्डच्या पडद्याकडे नजर टाकावी, तर निळ्याभोर पसाऱ्यात एक लाल बाण एकटाच उभा. किनारा उजव्या हाताला बराच लांब, केळवे खाली कुठंतरी. बायको म्हणाली, "अहो, जरा भरती-ओहोटी बघून गाडी लावत जा."

गाडी जुनी, २०१३ सालची, बोईसरच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. "नेव्हिगेशन कंपनीचं आहे हं, बाहेरून बसवलेलं नाही," हे त्यांनी मुलगी दाखवताना 'स्वयंपाक तिनंच केलाय' म्हणतात त्या सुरात सांगितलं होतं. त्या एका वाक्याचे मी पंधरा हजार जास्त मोजले. त्यामुळे "फोन आहे ना, मग हे कशाला?" असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे दिशा येत नाहीत, ते पंधरा हजार येतात.

पडद्यामागून जी बाई बोलते तिला घरात 'आत्याबाई' म्हणतात. नाव कुणी ठेवलं नाही, पडलं. वळण मागे गेल्यावर वळायला सांगायचं, ऐकलं नाही की थोडा वेळ घुम्यासारखं गप्प बसायचं, मग काही झालंच नाही अशा आवाजात नव्यानं सुरुवात करायची, आणि कुठल्याही परिस्थितीत चूक आपली नाही, या खात्रीनं जगायचं, हे सगळं आमच्या सख्ख्या आत्याचंच. फरक एवढाच की सख्खी आत्या शुद्ध वाडवळी बोलायची आणि ही इंग्रजी. इंग्रजीसुद्धा असं, की आपलं मनोर तिच्या तोंडी 'मॅनर' होतं, चिल्हार रस्त्यावरचं मान 'मॅन' होतं आणि एमआयडीसीजवळचं पाम ऐकलं की कुणी पामेला नावाची मैत्रीण पुढच्या वळणावर वाट बघतेय असं वाटतं. सफाळ्याचं ती काय करते ते लिहिता येण्यासारखं नाही.

आता कबुली द्यायची ती अशी, की यंत्रांचे बिघाड शोधणं हा माझा धंदा आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. टाकीची पातळी, रिअ‍ॅक्टरचं तापमान, वाफेचा दाब मोजणारी जी यंत्रं असतात, ती खोटं बोलायला लागली की मला बोलावतात. या धंद्यात नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी शिकवतात. एक, बिघाड झाला की आधी विचार, 'शेवटचं काय बदललं?' दोन, शून्य आणि 'नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. आमचे ट्रान्समीटर चार ते वीस मिलिअँपियरची भाषा बोलतात. चार आले तर टाकी रिकामी. शून्य आले तर टाकीबद्दल काही बोलूच नका, वायर तुटली आहे. रिकाम्या टाकीला आणि तुटक्या वायरीला एकच आकडा दिला असता तर अर्धी एमआयडीसी केव्हाच आकाशात गेली असती.

पण कारखान्यात जे डोकं चालतं ते गेटबाहेर पडताना पंचिंग मशीनवर ठेवूनच यावं लागतं की काय कोण जाणे. आमच्या घरचा मिक्सर दोन वर्षं बंद आहे. गाडीच्या बाबतीतही मी तेच केलं जे कुठलाही सुशिक्षित मराठी माणूस करतो. सगळ्यांना सांगितलं.

पहिलं निदान चहाच्या टपरीवर, फुकट मिळालं. "अणुकेंद्र, साहेब." आमच्याकडे मोबाइलची रेंज गेली, आंब्याचा मोहोर गळला, जावई रुसला, तरी बोट आधी तिकडे जातं. १९६९ पासून ते केंद्र तिथं उभं आहे, देशातलं पहिलं, आणि तेव्हापासून या भागातल्या प्रत्येक न उलगडणाऱ्या गोष्टीचं ते कायमस्वरूपी कारण आहे. मी म्हटलं, अहो, किरणोत्सर्गानं बाण समुद्रात कसा जाईल? टपरीवाला म्हणाला, "म्हणूनच तर गेला. घाबरून."

दुसरं निदान मेव्हण्याचं, डोंबिवलीहून, फोनवर. हे सॉफ्टवेअरमधले आहेत. त्यांनी लक्षणं पुरती ऐकलीसुद्धा नाहीत. "अपडेट मारा." कसला अपडेट, कुठून, हे विचारायचं नसतं. डॉक्टर 'पाणी भरपूर प्या' म्हणतात त्यातलाच हा प्रकार, कुणाचं नुकसान होत नाही आणि सांगणाऱ्याची फी वसूल होते. मागाहून त्यांना आठवलं की मागच्या वेळी वाघोबा खिंडीत आम्ही माकडांना चणे घालायला थांबलो होतो आणि एक टपोरी माकड टपावर बसून रेडिओच्या काडीला लोंबकळलं होतं. "तेच," मेव्हणे म्हणाले. "हार्डवेअर डॅमेज." खिंडीतल्या माकडांवर याआधी केळी, चष्मा आणि एकदा एका वधूपित्याची पाकिटं पळवल्याचे आरोप आहेत. उपग्रहाशी संबंध तोडल्याचा हा पहिलाच.

तिसरं निदान पैसे घेऊन झालं. बोईसरला नवापूर नाक्याच्या पुढं एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. हात हुशार, बोलणं कमी. "साब, पहले बॅटरी निकाल के लगाते हैं." जगातल्या ऐंशी टक्के इलेक्ट्रॉनिक बिघाडांवर हाच उपाय आहे आणि आम्ही कारखान्यातही तोच करतो, फक्त त्याला 'पॉवर सायकलिंग' म्हणून बिल लावतो. त्यानं बॅटरी काढली, पानाची पिंक टाकून आला, बॅटरी लावली. मग डॅशबोर्डमध्ये हात घालून तारा हलवल्या. बाण समुद्रातच होता. वर रेडिओनं चार आकडी कोड मागितला. कोड मूळ मालकाकडे असणार, आणि मूळ मालक एव्हाना मुलाकडे कॅनडाला. म्हणजे गेलो होतो रस्ता सापडत नाही म्हणून आणि परतताना गाणीही गेली.

चौथं, महामार्गावरचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. काचेचं दार, कॉफीचं यंत्र, आणि 'सर' शिवाय वाक्य न सुरू करणारा एक तरतरीत मुलगा. त्यानं स्टिअरिंगखाली लॅपटॉप जोडला. "सर, कोड येत नाही." मी म्हटलं, अरे, माझाही तोच प्रॉब्लेम आहे. त्याचा कोड वेगळा होता. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, सगळ्यांनी 'आम्ही ठणठणीत' असं कळवलं होतं आणि नेव्हिगेशननंही. "सर, सिस्टीमच्या दृष्टीनं फॉल्ट नाहीये." मी पडद्यावरचा समुद्र दाखवला. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, पूर्ण युनिट बदलून बघू शकतो. ५८,००० प्लस जीएसटी." 'बदलून बघू' यातलं 'बघू' मला विशेष आवडलं.

इथं थोडं त्या यंत्राच्या बाजूनंही बोललं पाहिजे. गाडीला आपण कुठं आहोत हे कळायला दोन वाटा असतात. एक वरून. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात, किमान चोवीस असावेत अशी ती रचना. प्रत्येक उपग्रह दिवसरात्र एकच पालुपद लावून असतो, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. निरोप पोहोचायला किती उशीर झाला त्यावरून गाडी अंतर काढते. जागा ठरवायला तिघांचं ऐकावं लागतं आणि गाडीचं स्वतःचं घड्याळ स्वस्तातलं असल्यामुळे ते सुधारायला चौथ्याचं. आपल्याकडेही पत्ता चौघांनाच विचारतात, पण चौघांची उत्तरं मिळून एक जागा निघते हा अनुभव मला बोईसरमध्ये अजून यायचाय.

दुसरी वाट खालून. चाकं किती फिरली आणि गाडी कुठल्या बाजूला वळली हे मोजत राहायचं, आणि मघाशी इथं होतो तर आता तिथं असणार असा हिशेब मांडायचा. हे उपग्रहांच्या आधीपासूनचं. होंडानं १९८१ साली जपानमध्ये जे पहिलंवहिलं यंत्र गाडीत बसवलं त्यात उपग्रह नव्हताच. वायूवर चालणारा गायरो, पारदर्शक पट्ट्यांवर छापलेले नकाशे, आणि निघताना आपण कुठं आहोत हे चालकानंच यंत्राला सांगायचं. माझ्या मते नवरा-बायकोच्या प्रवासात अजूनही हीच पद्धत आहे.

वरचा आवाज बंद झाला की गाडी गुपचूप खालच्या हिशेबावर येते, बोगद्यात वगैरे. तेवढ्यापुरतं हे उत्तम. पण तिथं चूक साठत जाते. पालघर ते बोईसर बारा-तेरा किलोमीटर, त्यात खड्डे चुकवायला डावीकडे-उजवीकडे जे काही नृत्य करावं लागतं ते पाहता गायरो भोवळ येऊन पडला नाही हेच नवल. रोज जाऊन-येऊन पाच-पन्नास मीटर चुकत, चार महिन्यांत आम्ही समुद्रात. आणि या सगळ्या काळात आत्याबाईंनी एकदाही 'मला माहीत नाही' असं म्हटलं नाही. शून्य आणि 'नाही' यातला फरक त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

खरं निदान झालं ते सातपाटीला, जुलैत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्त करणं चाललेलं, तांडेल मोकळे. बायको सुके बोंबील निवडत होती आणि मी गाडीत वायपर चालू ठेवून बसलो होतो. तिच्या नेहमीच्या कोळणीचे यजमान, तीस वर्षं बोट चालवलेले तांडेल, पावसाचे आत येऊन बसले. पडद्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, आपण इकडं कुठं? ही तर आमची पापलेटची जागा."

मी त्यांना सगळं सांगितलं, अणुकेंद्र, माकड, कोड, ५८,०००. त्यांनी ऐकून घेतलं. बोटीवरच्या जीपीएस सेटवर त्यांचं घर चालतं, दाट धुक्यात त्याच्याच भरवशावर खाडीच्या तोंडाशी येतात. मग काचेखाली बोट दाखवून विचारलं, "याच्या डोक्यावर हे काय पांघरूण घातलंय?"

डॅशबोर्डवर, गणपतीच्या पायाशी, घडी घालून ठेवलेला चंदेरी पडदा होता. उन्हात गाडी लावताना आतून काचेला लावतात तो. एप्रिलमध्ये मीच बोईसरच्या बाजारातून आणला होता. पावसाळ्यात त्याचं काम नव्हतं, पण जागाही दुसरी नव्हती. त्या चकाकत्या थराच्या बरोबर खाली, प्लॅस्टिकच्या आत, आमच्या गाडीचा अँटेना. उपग्रहाचा आवाज वीस हजार किलोमीटर चालून येतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की धातूचा पातळसा थरही त्याला भिंतीसारखा. तांडेल म्हणाले, "आमच्यात सेटच्या वर पोरानं ताटली ठेवली तरी त्याला शिव्या देतो. आकाश दिसाया पायजे त्याला."

शेवटचं काय बदललं? पडदा. बिघाड कधीपासून? एप्रिल. सव्वीस वर्षं मी हेच दोन प्रश्न विचारून पगार घेत आलोय. बायको बोंबलाची पिशवी घेऊन आली तेव्हा मी तिला यातलं काहीच सांगितलं नाही. नंतर कोळणीनं सांगितलं.

घरी येऊन पडदा डिकीत टाकला. आता धंदेवाईक अभिमान जागा झाला होता. या यंत्रांमध्ये मेकॅनिकसाठी एक लपवलेलं पान असतं. बरीच खटपट केल्यावर, दोन बटणं एकदम दाबून धरून, ते सापडलं. वेगाचे ठोके येतायत, रिव्हर्स गिअर कळतोय, गायरो जिवंत, आणि खाली एक ओळ, उपग्रह ३. चार हवेत, तीनच. पडदा काढूनही तीन का? ग्लोव्ह बॉक्स काढून मागं टॉर्च मारला तर अँटेनाची पिन अर्धवट बाहेर लोंबत होती. इलेक्ट्रिशियननं तारा हलवल्या होत्या तेव्हाची. म्हणजे पहिला बिघाड मी केला आणि दुसरा बिघाड, पहिला शोधण्यासाठी, मी पैसे देऊन करवला. पिन दाबली, टक् झालं. उपग्रह ९. बाण समुद्रातून उठला, सातपाटीचा किनारा, शिरगाव, सगळ्यांवरून एका उडीत येऊन आमच्या पार्किंगमध्ये उभा राहिला. मी हॉर्न वाजवला. वॉचमन धावत आला.

इथं लेख संपायला हरकत नव्हती. पण दुरुस्त झालेलं यंत्र म्हणजे काय हे कळायला आपल्याकडे थोडं राहावं लागतं.

१४ ऑगस्टला पालघरमध्ये हुतात्मा दिन असतो. १९४२ साली त्या दिवशी गोळीबारात पाच जण गेले, त्यांच्या आठवणीचं ठिकाण म्हणजे पाचबत्ती. त्या बुधवारी तिथली गर्दी ओसरेपर्यंत मी गाडीत बसून होतो, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. २९ डिसेंबर २००४. वार मात्र बरोबर, बुधवार.

आदल्या महिन्यापर्यंत तारीख ठीक होती. म्हणजे उपग्रहांचं ऐकू यायला लागल्यापासून गाडी मागं गेली होती. चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं ते असं. उपग्रह तारीख सांगत नाहीत, आठवडा क्रमांक सांगतात. आठवड्यांची मोजणी १९८० च्या जानेवारीत सुरू झाली, आणि तो क्रमांक ठेवायला जागा दिली दहा बिटांची. म्हणजे १०२३ पर्यंत मोजायचं आणि पुन्हा शून्य. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर कोरं व्हायचं, तसं. हे एकदा १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि दुसऱ्यांदा २०१९ च्या एप्रिलमध्ये. आपण कितव्या फेरीत आहोत हे गाडीनं स्वतः लक्षात ठेवायचं, आणि प्रत्येक यंत्राची ती अक्कल वेगवेगळ्या दिवशी संपते. संपली की ते बरोबर १०२४ आठवडे मागं जाऊन पडतं. पूर्ण आठवडे, म्हणून वार चुकत नाही. २०२२ च्या जानेवारीत जगभरातल्या कित्येक होंडा गाड्यांची घड्याळं अशीच २००२ सालात जाऊन बसली होती, आणि लोकांना उत्तर मिळालं की ऑगस्टपर्यंत थांबा, आपोआप बरं होईल. झालंही. साडेसातीपेक्षा फार कमी आहे हे.

तर आमची गाडी २००४ मध्ये. ती स्वतः तयार व्हायला अजून नऊ वर्षं अवकाश. नकाशा मात्र २०१३ चा, म्हणजे पालघर जिल्हा जन्मायच्या आधीचा. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, कोळगावला मुख्यालय उभं राहिलं, पण आत्याबाईंच्या लेखी आम्ही अजून ठाण्याचेच. कलेक्टर कचेरीच्या दारात उभं असताना त्या शांतपणे दाखवतात की तुम्ही मोकळ्या रानात आहात. नकाशा नवा करावा म्हटलं तर इकडे बुलेट ट्रेनचे खांब, तिकडे दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा भराव, मध्ये मालगाड्यांची स्वतंत्र लाइन, वाढवणच्या बंदराचं भूमिपूजनही २०२४ च्या ऑगस्टअखेरीस उरकलं. इथला नकाशा ताजा ठेवायचा तर तो रोज दुधाच्या पिशवीबरोबर यायला हवा. २०२५ मध्ये खारवाडेश्री-मारंबळपाडा रो-रो सुरू झाली तेव्हा मुद्दाम गाडी घालून गेलो. वैतरणेच्या मध्यावर आत्याबाईंना आपण पाण्यात आहोत हे अगदी बरोबर दिसत होतं, आणि पहिल्यांदाच त्या गोंधळल्या. चार महिने खोट्या समुद्रात निश्चिंत होत्या त्या.

पण या सगळ्याहून मोठा घोळ उपग्रहांचाही नाही आणि नकाशाचाही नाही. तो नावांचा आहे. आणि त्याचा अनुभव 'अपडेट मारा' म्हणणाऱ्या मेव्हण्यांनाच यावा यात मला थोडा दैवी न्याय दिसतो.

त्यांना कंपनीच्या कामानं तारापूर एमआयडीसीत यायचं होतं, संध्याकाळी आमच्याकडे जेवण. त्यांची गाडी कोरी, पडदा टीव्हीएवढा, उपग्रह भरपूर, नकाशा ताजा. घोडबंदरवरून महामार्गाला लागले, मनोर गेलं, आणि जिथं बोईसरला वळायचं तो चिल्हार फाटाही गेला. चारोटीचा टोल भरल्यावर फोन आला. "भाऊजी, तारापूर अजून तीनशेवर किलोमीटर दाखवतंय. ट्रॅफिक आहे का?" त्यांनी नुसतं 'तारापूर' टाकलं होतं आणि गाडी त्यांना मोठ्या निष्ठेनं गुजरातेत, आणंद जिल्ह्यातल्या तारापूरला घेऊन चालली होती.

मी म्हटलं, मागं फिरा आणि आपलं तारापूर टाका. दीड तासानं पुन्हा फोन. "पोहोचलो. इथं किल्ला आहे."

आता हे कसं समजवायचं? तारापूर गाव एक, चिंचणीच्या शेजारी, खाडीकाठी. तिथला किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्याकडे नेव्हिगेशन नव्हतं म्हणून ते नेमक्या तारापूरला पोहोचले. तारापूर अणुऊर्जा केंद्र दुसरं, ते गावाच्या दक्षिणेला, घिवलीकडे. आणि तारापूर एमआयडीसी तिसरी, ती चक्क बोईसरला. माझ्यासारखी शेकडो माणसं 'तारापूरला नोकरीला आहे' असं सांगून आयुष्यभर बोईसर स्टेशनला उतरतात आणि तारापूर गाव त्यांनी पाहिलेलंही नसतं. इथं आकडेसुद्धा सरळ रांगेत येत नाहीत. अणुकेंद्राचं चौथं युनिट सुरू झालं २००५ मध्ये आणि तिसरं २००६ मध्ये. जिथं तीनाच्या आधी चार येतात तिथं मुंबईच्या माहीमऐवजी केळव्याजवळचं माहीम दाखवावं अशी अपेक्षा यंत्राकडून का करायची?

मेव्हणे अखेर कसे आले? माझ्या बोलण्यावरून. "टाकी नाक्याला या, तिथून कुणालाही विचारा." टाकी नाका त्यांच्या टीव्हीएवढ्या पडद्यावर ते विचारत होते त्या स्पेलिंगनं नव्हता. रिक्षावाल्याला बरोबर ठाऊक होता. जेवताना त्यांनी अपडेटचं नाव काढलं नाही. बायकोनं दोनदा काढलं.

या मार्गशीर्षातली गोष्ट. बोईसर नवापूर नाक्यावर एक आजोबा हात करून उभे. पांढरी टोपी, हातात औषधांची पिशवी, रिक्षा मिळत नव्हती. कुठं जायचं विचारलं तर म्हणाले, पोफरण. दुरुस्त यंत्राचा माणसाला जो माज असतो त्या माजात मी म्हटलं, बसा आजोबा, रस्ता गाडीच सांगेल. अक्षरं टाकली. पोफरण निघालं. आत्याबाईंनी 'पॉपरॅन' म्हणून घोषणा केली, बाण हलला, नऊ उपग्रह, चूक पाच मीटरची नाही.

आजोबा पडद्याकडे टक लावून बघत होते. एका फाट्यावर मी आत्याबाईंच्या सांगण्यावरून समुद्राच्या बाजूला वळलो तसे ते जरा पुढं सरकले. बाणापुढची निळी रेघ थेट किनाऱ्यापर्यंत गेली होती, जिथं आता तिसऱ्या आणि चौथ्या युनिटची हद्द आहे. त्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली आणि त्याच नावांनी दुसरीकडे वसली, हे मला माहीत होतं. सव्वीस वर्षं याच भागात नोकरी केलेल्या माणसाला माहीत असायलाच हवं. पण यंत्र इतक्या आत्मविश्वासानं सांगत होतं.

"या बाईला आमचं घर बरोब्बर ठाऊक आहे," आजोबा म्हणाले. "पण तिला सांगा, तिथं आता पास लागतो."

मी गाडी थांबवली, ओशाळून वळवली आणि ते बोटानं दाखवतील तशी नव्या पोफरणच्या दिशेनं घेतली. आत्याबाई नेहमीसारख्या क्षणभर गप्प बसल्या. मग सुरू झाल्या, शक्य असेल तिथं मागं फिरा. शंभर मीटरवर पुन्हा, मागं फिरा. मी आवाज बंद करायला हात पुढं केला, तर आजोबांनी अडवला.

"राहू द्या," ते पडद्याकडे वाकून म्हणाले. "बाई, आम्ही पण इतकी वर्षं तेच म्हणतोय."